दारात ट्रे घेऊन

बाईंच्या पायांत कॅनव्हासचे पांढरे बूट असत. त्यांचा आवाज होत नसे. सहा खाटांच्या त्या नर्सिंग होममध्ये मी आठ महिने काम केलं, आणि बाई माझ्या मागे येऊन उभ्या आहेत हे मला एकदाही वेळेवर कळलं नाही. आधी कार्बोलिक साबणाचा वास यायचा, मग शब्द.

"कॉन्व्हेंट, ती चादर कुणासाठी ओढतेयस? पेशंटसाठी की डॉक्टरांसाठी?"

मी आता एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे, सहा-सात वर्षं झाली त्या गोष्टीला, तरी कुठे तो वास आला की माझे हात आधी थांबतात आणि मग मला कळतं की का थांबले.

सहा खाटांच्या जागेला मेट्रन नसते. पण अख्खं भाईंदर त्यांना मेट्रनबाईच म्हणे. मुंबईच्या कुठल्याशा हॉस्पिटलातून त्या निवृत्त होऊन आल्या होत्या, एवढंच लोकांना ठाऊक होतं. लग्न, मूलबाळ, गाव, याबद्दल त्यांना कुणी विचारलेलं मी पाहिलं नाही. जेवण त्या खिडकीशी उभ्याने करायच्या, डबा उघडल्यापासून बंद होईपर्यंत सात-आठ मिनिटं. नर्सिंग होम भात गिरणीच्या मागे होतं. गिरणी सुरू झाली की भिंत थरथरायची आणि ग्लासात उभी ठेवलेली थर्मामीटरं किणकिणायची. बाई तेवढ्यापुरत्या घास थांबवून ग्लासावर हात ठेवायच्या.

मला तिथे वडिलांनी चिकटवलं होतं. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. वडील फोर्टात कारकून होते आणि त्यांनी हौसेने मला नन्सच्या शाळेत घातलं होतं. मॅट्रिक झाल्यावर मी नर्स व्हायचं म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, आधी बघ तरी जमतंय का. मला माणसांशी बोलायचं फार दडपण यायचं. इंग्रजीत दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळं होण्याची मला सवय होती. "येस", "नो", "नथिंग". बाईंना ते पहिल्याच दिवशी कळलं असावं, कारण त्यांनी माझं नाव विचारलंच नाही. मी कॉन्व्हेंट झाले.

पहिला आठवडा फक्त हात धुण्यात गेला. नळाला गोडं पाणी सकाळी तासभर यायचं, ते पिण्याला आणि औषधाला. बाकी सगळं विहिरीचं, खारट, साबणाला फेस न येणारं. बाईंचा नियम असा की हात धुवायला दोन माणसं लागतात. एकाने तांब्याने धार धरायची, दुसऱ्याने धुवायचं. धुतलेल्या हाताने तांब्या धरला की धुणं फुकट. आणि धुवायचं किती वेळ, तर तेराचा पाढा पूर्ण होईपर्यंत, मोठ्याने.

मला तेराचा पाढा मराठीत येत नव्हता. मी "थर्टीन वन्झा" सुरू केलं तर त्यांनी धार बंद केली. "इथे पाण्याला इंग्रजी कळत नाही." घरी आईकडून तो पाठ करून घेतला. तेरा आठे चारोदरशे म्हणताना माझी जीभ अडखळायची आणि बाई धार वर धरून थांबायच्या. कोपरापासून पाणी ठिबकत मी उभी, आणि तीन पेशंट आणि त्यांचे नातेवाईक माझ्याकडे बघतायत.

पेशंटांशी मात्र त्या वेगळंच बोलत. त्या सगळ्यांना "अहो" म्हणत. बाळंतिणीच्या पाच दिवसांच्या मुलीलासुद्धा. "अहो, जरा मान वळवता का? कानामागे पुसायचंय." शुद्धीवर नसलेल्या माणसाला कूस वळवायच्या आधी त्याच्या कानाशी वाकून सांगायच्या, "आता डावीकडे वळवतेय हं, घाबरू नका." ऐकणारे हसत. "बिचारा" हा शब्द त्यांना चालत नसे. एका नातेवाइकाने तो तीनदा म्हटल्यावर बाई त्याला म्हणाल्या, "बाहेर जाऊन म्हणा. इथे त्यांना ताप आहे, कान शाबूत आहेत."

दुसऱ्या महिन्यात एक दिवस त्यांनी मला सहा नंबरच्या रिकाम्या खाटेवर निजवलं. "आज तू पेशंट. उठायचं नाही." दिवसभर त्यांनी माझं सगळं केलं. न सांगता अंगावरची चादर ओढली. गार पाण्याने तोंड पुसलं. दाराकडे बघत पेज भरवली, एक घास गिळायच्या आत दुसरा चमचा ओठांशी. थंडगार बेडपॅन, कपड्यांवरूनच, पाठीखाली सरकवलं आणि तसंच ठेवून निघून गेल्या. डॉक्टर आले तेव्हा माझ्या उशाशी उभं राहून त्यांना म्हणाल्या, "हिचं काही खरं दिसत नाही."

संध्याकाळी विचारलं, "सांग, काय झालं दिवसभरात?"

"नथिंग."

"नथिंग? मी सकाळपासून अकरा चुका केल्यात. तुला किती दिसल्या?"

"नऊ," मी म्हटलं.

"मग तोंडात काय धरून बसली होतीस?"

त्या रागावल्या नाहीत. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या, ते मला रागावण्यापेक्षा जड गेलं.

जानेवारीत पेणकरपाड्याचे एक आजोबा दाखल झाले. आगरी घरातले. जन्म मिठागरात गेलेला, आता मुलगे बघत होते. साखर वाढली होती आणि छातीत कफ झाला होता. खोकल्याची उबळ नसली की ते छान बोलायचे. मला आपला पाय दाखवून सांगायचे, "या पायान् आगर बसवलाय गो पोरी. पावसाल्यानंतर मीठ धरायच्या आदी चिखल पायान् तुडवावा लागतो, फरशीवानी व्हयपर्यंत. मशीन न्हाय, पाय." टाच खरोखर फरशीसारखी होती, पांढरट, चिरा पडलेली. त्यांची बायको दिवसभर खाटेजवळ खाली बसून असायची आणि नवऱ्याला काय हवं-नको ते त्याच्या आधी सांगायची.

शेकाच्या बाबतीत बाईंचा नियम पक्का होता. गरम पाण्याची पिशवी आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरायची आणि सावकाश पन्नास मोजायचे. "पेशंटला विचारायचं नाही. पेशंट भिडेने नाही म्हणतो, नाहीतर त्याला कळतच नाही. साखरवाल्यांचे पाय मुके असतात." हे त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. मला ते पाठ होतं.

त्या रविवारी बाई बोरिवलीला बहिणीकडे गेल्या होत्या. सकाळी गारठा होता. आजोबा म्हणाले, "पाय लय गार परलेत." आमची रबरी पिशवी फुटलेली, नवी यायची होती. मी काय करावं या विचारात असताना आजी मागच्या अंगणातल्या चुलीवरून खडेमिठाची पुरचुंडी घेऊन आल्या. त्यांच्याकडे शेक म्हणजे मीठच. तव्यावर भाजून फडक्यात बांधायचं, मग ते तासभर गरम राहतं.

त्यांनी पुरचुंडी उघड्या तळहातावर धरून माझ्यापुढे केली. "बग, मी हातान् धरलंय. काय न्हाय."

माझं मनगट मी थोडं पुढे केलंही होतं. पण आजींनी हातात धरलेली वस्तू त्यांच्यासमोर तपासायची म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं मला वाटलं. आणि पन्नास मोजेपर्यंत त्या माझ्याकडे बघत राहणार. मला ते बघणं नको होतं. मी हात मागे घेतला, पुरचुंडी आजोबांच्या टाचेखाली ठेवली आणि त्यांना विचारलं, "चटका बसतोय का?"

"न्हाय गो. बेस हाय."

आजींचे तळहात चाळीस वर्षं मिठाच्या पाट्या उचलून त्या टाचेसारखेच झाले होते, हे मला दुपारी सुचलं. चादर नीट करताना मी पाय उचलला आणि टाचेवर फोड दिसला, सुपारीपेक्षा मोठा, पाण्याने तटतटलेला. आजोबा झोपले होते. आजी जेवायला गेल्या होत्या. मी पाय खाली ठेवला आणि चादर वर ओढली.

संध्याकाळी डॉक्टर आले, छाती तपासली. मला विचारलं, "सगळं ठीक?"

मी म्हटलं, "येस, डॉक्टर."

घरी आईने पानात वाढलेलं मी उष्टं टाकलं. साखरवाल्यांच्या पायाचं काय होतं ते मला माहीत होतं, त्याआधीच्या महिन्यात एकाला मुंबईला पाठवलेलं मी पाहिलं होतं. तो परत आला तेव्हा त्याला दोघांनी उचलून आणलं होतं. सकाळी लवकर जाऊन बाईंना सांगायचं, असं मी ठरवलं. वाक्य तयार केलं. ते इंग्रजीत होतं.

मी पोचले तेव्हा बाई जमिनीवर गुडघे टेकून आजोबांची टाच बघत होत्या. फोड फुटला होता. चादरीवर ओला डाग होता. आजी कपाळावर हात मारून घेत होत्या. "माज्याच हातान् झालं बाय. माजंच मीठ. मीच भाजलं."

"ठेवलं कुणी?" बाईंनी विचारलं.

"मीच गो. माजंच मीठ."

आजींना खरंच तसं वाटत होतं. मी गप्प राहिले असते तर ते तसंच राहिलं असतं. गिरणी सुरू झाली, थर्मामीटरं वाजायला लागली, आणि बाईंनी ग्लासावर हात ठेवला नाही.

"आय डिड," मी म्हटलं. "इट वॉज मी."

बाईंनी मान वळवली नाही. "मराठीत सांग. आणि मला कशाला सांगतेस? पाय माझा आहे का?"

मला खाटेच्या उशाशी जावं लागलं. मी काय बोलले ते नीट आठवत नाही. पुरचुंडी मी ठेवली, हाताला लावून बघायची ती बघितली नाही, आजींची चूक नाही, असं काहीतरी. आजोबा ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारलं.

"कवा बगितलंस?"

"काल दुपारी."

"काल दुपारी," ते म्हणाले. मग बाईंना म्हणाले, "हिला पायाला हात लावाला देऊ नको."

डॉक्टरांनी जखम पाहिली. मला बोलले ते योग्यच बोलले. आजोबांच्या मुलाला त्यांनी व्हरांड्यात सांगितलं, "आठ-दहा दिवस बघू. पू वर चढला तर मुंबईला न्यावं लागेल," आणि पोटरीच्या मध्यावर बोटाने आडवी रेघ दाखवली. मी ती रेघ पाहिली.

मला वाटलं, बाई मला घरी पाठवतील. मला ते हवंसुद्धा होतं. मंगळवारी सकाळी त्यांनी ड्रेसिंगचा ट्रे माझ्या हातात दिला. उकळलेला चिमटा, कापसाचे बोळे, गॉज, औषधाची वाटी.

"ते मला नको म्हणालेत," मी म्हटलं.

"मग आत नको येऊस. दारात उभी राहा."

त्या आत गेल्या आणि आजोबांना म्हणाल्या, "मुलगी दारात उभी आहे. आत येऊ दे?"

"न्हाय."

"बरं." त्या बाहेर आल्या, माझ्याकडून ट्रे घेतला आणि मला सांगितलं, "नाही म्हणाले." जणू मी ऐकलंच नव्हतं.

मग आतून त्यांचा आवाज आला. "कॉन्व्हेंट, आधी काय?"

"हात धुवायचे."

"ऐकू येत नाही."

"हात धुवायचे," मी मोठ्याने म्हटलं. पुरुषांच्या खोलीतले तिन्ही पेशंट दाराकडे बघायला लागले.

"धुतले. आता?"

"पेशंटला सांगायचं, काय करणार ते."

"मग?"

"जुनी पट्टी ओली करून काढायची. ओढायची नाही."

"जखम कुठून पुसायची?"

"मधून बाहेर."

"बोळा?"

"एकदाच फिरवायचा. टाकून द्यायचा. दुसरा घ्यायचा."

हे रोज झालं. रोज विचारणं, रोज "न्हाय", रोज "बरं". बाईंनी त्यांना एकदाही आग्रह केला नाही, माझी बाजू मांडली नाही, पोर लहान आहे म्हटलं नाही. मी दारात उभी राहून पाठ म्हटल्यासारखं ओरडायची. तिसऱ्या दिवशी जखमेला वास यायला लागला, तो दारापर्यंत येत होता. चौथ्या दिवशी आजोबांना ताप चढला. बाईंनी मला सांगितलं नाही की काळजी करू नकोस. त्या दिवशी त्यांनी जखम पुसायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घेतला आणि माझे प्रश्नही दुप्पट विचारले. मला वाटलं, माझा आवाज जरा हलला तरी तो पाय जाईल. मी न हलता उत्तरं देत राहिले.

पाचव्या-सहाव्या दिवशी आजी दारात माझ्याजवळून पाण्याचा तांब्या घेऊन जाताना थांबल्या आणि म्हणाल्या, "ताप उतारलाय." एवढंच. पण मला त्या दिवशी पहिल्यांदा भूक लागली.

नवव्या दिवशी, बुधवार होता, बाईंनी नेहमीसारखं विचारलं. "न्हाय," आजोबा म्हणाले. मी दारातून सगळं सांगत गेले. बाई पट्टी काढत होत्या, बोळा चिमट्यात धरून त्यांनी पुसायला सुरुवात केली. दाराच्या कोनातून मला त्यांची पाठच दिसत होती.

"जखम कुठून?" त्यांनी विचारलं.

"मधून बाहेर."

आणि आजोबांचा आवाज आला. "ओ बाय. पोरी काय सांगते ती आयकाला येत न्हाय का तुला? तुजा हात दिसतोय, भायेरशी आत चाललाय."

बाजूच्या खाटेवरचा माणूस हळूच खोकला. बाईंनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"तिलाच बोलव. तिला पाठ हाय."

बाईंचा हात त्याआधी आणि त्यानंतर जखमेवर उलटा फिरलेला मी कधी पाहिला नाही. मी त्यांना विचारलं नाही. त्या सांगणाऱ्यातल्या नव्हत्या.

मी आत गेले. बाईंनी माझ्या हातांवर धार धरली. मी पाढा म्हटला. मग खाटेच्या पायथ्याशी बसले, आणि आजोबांना म्हटलं, "आता औषधाचा बोळा लावतेय." त्यांना तिथे काही कळत नव्हतं, ते मला माहीत होतं आणि त्यांनाही. ते मान उचलून बघायचा प्रयत्न करत होते. पण आपली टाच आपल्याला दिसत नाही.

"काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडात "ठीक आहे" आलं होतं. मी ते गिळलं.

"कडेला गुलाबी आहे. मध्ये पिवळं आहे अजून."

"किती?"

"सुपारीएवढं."

"हं," ते म्हणाले आणि मान उशीवर टेकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशीही. मी जे दिसेल ते सांगायची. एके दिवशी तुरीच्या दाण्याएवढं म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा थोडं वाढलं होतं, तेही सांगितलं. आजी तोंडाला पदर लावून उठून गेल्या. आजोबा म्हणाले, "बरं. उद्या बग." ती रात्र मी पुन्हा जागून काढली. डॉक्टर रेघेबद्दल काही बोलत नव्हते, आणि ते बोलत नाहीत याचा अर्थ काय, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत असायची. बाई मागे उभ्या असायच्या की नसायच्या, मला कळायचं नाही. मी वळून बघायचं सोडलं होतं.

असे अजून वीस-बावीस दिवस गेले. एका सकाळी मी पट्टी काढली, बोळा फिरवला, दुसरा फिरवला, उजेडासाठी खिडकी पूर्ण उघडली आणि पुन्हा पाहिलं.

"काय दिसतं?"

"आज पिवळं नाही."

"जरापन न्हाय?"

"नाही. सगळं गुलाबी आहे. कडा आत आल्यात."

मलाच धीर निघेना. मी उठत म्हटलं, "थांबा, बाईंना बोलावते. त्या एकदा बघून सांगतील."

"कशाला?" आजोबा म्हणाले. "तू बगितलंस ना?"